जुना चेनसॉ: दोरी ओढण्याआधी सायलेन्सर काढा

जुना चेनसॉ विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो: "मशीन ओके आहे, फक्त कार्बोरेटर साफ करावा लागेल." तेवढ्याने भागत असतं तर त्याने स्वतःच तो साफ केला असता आणि दोन हजार जास्त मागितले असते. आपल्याकडे बरेच जण ज्याला नुसतं 'कटर' म्हणतात ते हे मशीन हातात आलं की दोरी ओढून बघायचा मोह होतोच. तो आवरा. पिस्टनवर ओरखडे असतील तर प्रत्येक ओढीबरोबर सिलिंडर आणखी खरवडला जातो. आणि समजा ते सुरू झालंच, तरी ज्या कारणाने मागच्या मालकाच्या हातात बंद पडलं ते कारण आत तसंच बसलेलं असतं. कारण न शोधता नवा पिस्टन टाकलात तर तोही जुन्याच्याच वाटेने जाईल.

सेकंडहँडमध्ये साधारण दोन जातीची मशीनं फिरतात. एक स्टिल, हुस्कवर्ना, एको अशा कंपन्यांची. यांचे सुटे भाग मिळतात आणि वीस वर्षांचं मशीनही पुन्हा उभं राहतं. दुसरी ५२ किंवा ५८ सीसी असा आकडा लावून वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी चिनी मशीनं. आतून ती जवळजवळ एकसारखी असतात आणि भाग स्वस्त मिळतात, पण त्या भागांचा भरवसा नसतो. पहिल्या जातीवर मेहनत घ्यावी. दुसरीत सिलिंडर, क्रँकचं बेअरिंग आणि कार्बोरेटर असं तिन्ही गेलं असेल तर ते मशीन सुट्या भागांसाठी फळीवर ठेवून द्यावं. दुरुस्तीचा हिशेब नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला की हात आखडता घ्यावा, हे आमचं मत.

तेल पेट्रोलबरोबरच येतं

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. लूना किंवा आरएक्स १०० खोललेल्या मिस्त्रीला वेगळं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: या इंजिनाच्या तळाशी ऑइल भरलेलं नसतं. हवा, पेट्रोल आणि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल यांचं मिश्रण कार्बोरेटरमधून आधी पिस्टनच्या खालच्या क्रँककेसमध्ये येतं. पिस्टन खाली येताना ते दाबतो आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे क्रँककेस हा एक पंप आहे. बेअरिंग, पिन, पिस्टन यांना मिळणारं सगळं वंगण या मिश्रणातूनच मिळतं.

आता या पंपाला कुठेतरी बारीक भोक पडलं असं समजा. पिस्टन वर जाताना तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणात हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही तेवढंच कमी पडतं. ज्वलन जास्त तापतं आणि त्याच वेळी वंगण घटतं. मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला २०० वेळा वरखाली होत असतो. अशा वेळी ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला फासायला काही क्षण पुरतात. जुन्या चेनसॉच्या बहुतेक मरणांचं मूळ इथे असतं. फुटलेलं रबर, कडक झालेलं ऑइल सील (क्रँकच्या शाफ्टभोवतीची रबरी कडी), कार्बोरेटरमधला आखडलेला पडदा, ही सगळी त्याचीच रूपं.

पहिली पाहणी

आधी केरोसीन आणि जुन्या ब्रशने भुसा-चिकटा काढा. प्रेशरचं पाणी मारू नका, ते ओला भुसा बेअरिंगच्या सीलपर्यंत नेऊन बसवतं. चेन आणि बार (चेन ज्या लांब पट्टीवरून फिरते ती) उतरवून ठेवा. प्लग काढा. मग सायलेन्सरचे नट किंवा बोल्ट सोडवा. स्टिलच्या बहुतेक मशीनला टी २७ आकाराची टॉर्क्स चावी लागते. ती नसेल तर ॲलन की ठोकून बसवू नका, बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग तासभर ड्रिल घेऊन बसावं लागतं.

सायलेन्सर निघाला की सिलिंडरला एक चौकोनी खिडकी दिसते. टॉर्च धरा आणि मॅग्नेट (दोरीच्या बाजूचं फिरतं चाक) हाताने सावकाश फिरवून पिस्टन वरखाली करा. खिडकीसमोर पिस्टनची बाजू आली की नीट बघा. चांगल्या पिस्टनवर लेथच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात आणि रिंग स्वच्छ, चकचकीत दिसते. पिस्टन अगदी खाली गेला की समोरची, म्हणजे कार्बोरेटरकडची सिलिंडरची भिंत दिसते.

ओरखडे कुठे आहेत त्यावरून कारण कळतं. उभे ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर मशीन पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा अवस्थेत चाललंय, नाहीतर सिलिंडरच्या पंख्यांत भुसा भरून तापलंय. ती सिलिंडरची सर्वांत गरम बाजू, म्हणून आधी तीच जाते. चारही बाजूंना, विशेषतः खिडक्यांच्या कडांशी खरवडलेलं दिसलं तर कुणीतरी तेल न घालता साधं पेट्रोल भरलंय. आणि कार्बोरेटर काढून त्या बाजूने बघितल्यावर पिस्टन राखाडी, मंद दिसत असेल, आडव्या रेषा घासून गेलेल्या असतील, तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ गेलीय. ही तिसरी खूण बरेच जण बघतच नाहीत, कारण सायलेन्सरच्या बाजूने सगळं छान दिसत असतं.

रिंगेला टूथपिकने हलकं दाबून बघा. ती खाचेत आतबाहेर लवली पाहिजे. काजळीने किंवा वितळलेल्या ॲल्युमिनियमने चिकटली असेल तर पुढचं कॉम्प्रेशन मोजणं व्यर्थ, सिलिंडर उतरवावाच लागणार.

कॉम्प्रेशन मोजताना

पिस्टन ठीक दिसला तर सायलेन्सर परत बसवा आणि कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन थंड, चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि सुई वाढायची थांबेपर्यंत सहा-सात वेळा दोरी ओढा. १४० ते १६० पीएसआय आले तर मशीन तब्येतीने चांगलं. १२० च्या खाली रिंगेचा संशय. १०० च्या आसपास असेल तर थंड असताना एखादं मशीन सुरू होतं, पण गरम झाल्यावर बंद केलं की पुन्हा लागत नाही. "गरम झाल्यावर त्रास देतं" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

मोटारसायकलचा लांब नळीवाला गेज वापरताना एक गंमत होते. त्याचा व्हॉल्व्ह गेजजवळ असेल तर नळीतली सगळी जागा सिलिंडरच्या जागेत मिळते आणि ३० ते ५० सीसीच्या छोट्या इंजिनात आकडा बराच कमी येतो. व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी असलेला गेज घ्या. नाहीतर धडधाकट मशीन भंगारात जाईल.

आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून अर्धा चमचा टू-टी तेल घाला, दोन-तीनदा फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंग झिजलीय. जिथल्या तिथेच राहिला तर गळती दुसरीकडे असू शकते: प्लगचं वाशर, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी हलकी ओढता यावी म्हणून दाब सोडणारा) किंवा सिलिंडरला पडलेली खोल चीर.

हवा कुठून शिरते

ही चाचणी जवळजवळ कुणी करत नाही. म्हणूनच दुरुस्त केलेली मशीनं परत येतात.

सायलेन्सर सोडवून त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये जाड रबराचा तुकडा घाला, सायकलच्या ट्यूबचे दोन पदर चालतात, आणि बोल्ट आवळा. कार्बोरेटरच्या जागीही तसंच बंद करा. प्लगच्या जागी नळी बसेल असा ॲडॉप्टर लावा, किंवा क्रँककेसकडून कार्बोरेटरला दाबाचे ठोके नेणारी बारीक नळी वेगळी असेल तर तिथून दाब द्या. पिस्टन खाली ठेवा, म्हणजे वरची-खालची जागा एक होते. स्टिलच्या पद्धतीत ०.५ बार, म्हणजे सुमारे ७ पीएसआय दाब देतात आणि २० सेकंद बघतात. काटा उतरला तर गळती आहे.

खास पंप नसेल तर जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि गोल डायल कामाला येते. डायलवरचे ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, आणि गळती पकडायला तेवढा दाब पुरतो. दाब धरून साबणाचं पाणी फिरवा: क्लचमागचं ऑइल सील, मॅग्नेटमागचं ऑइल सील, सिलिंडरखालचं पॅकिंग, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड. बुडबुडे जिथे येतील ते भोक.

त्यानंतर तेवढाच व्हॅक्यूम देऊन बघा. ब्रेक ब्लीड करायचा हातपंप चालतो. ऑइल सीलची पातळ कड आतून दाब आला की शाफ्टला घट्ट चिकटते आणि व्हॅक्यूममध्ये सुटते. म्हणून दाबाच्या चाचणीत पास झालेलं सील व्हॅक्यूममध्ये नापास होतं. चालू मशीनमध्ये या रोगाची खूण अशी: स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) आवाज आपोआप चढतो, ॲक्सिलरेटर सोडला तरी वेग खाली यायला वेळ लागतो, आणि मशीन आडवं-उभं केलं की आवाज बदलतो. अशा वेळी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून तात्पुरता इलाज करण्याचा मोह टाळा.

स्टिल एमएस १८० सारख्या लहान मशीनमध्ये क्रँककेसचा खालचा अर्धा भाग पॅकिंगऐवजी सीलंटने चिकटवलेला असतो. ते उघडलं तर दोन्ही पृष्ठभाग जुन्या सीलंटपासून पूर्ण साफ करा आणि पेट्रोल सहन करणारं सीलंट पातळ थरात लावा. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. जास्तीचं आत पडलं तर मिश्रणाच्या वाटेत अडकतं.

कार्बोरेटर: पापडासारखा पडदा

मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तरंगणारा फ्लोट असतो. चेनसॉ आडवा, उलटा, कसाही धरावा लागतो, तिथे वाटी चालणार नाही. म्हणून वॉलब्रो, झामा, टिलॉटसन यांच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोटचं काम एक पातळ पडदा करतो. इंजिनाने पेट्रोल ओढलं की पडदा आत दबतो, एक छोटी दांडी ढकलतो, सुई उघडते आणि पेट्रोल येतं. दुसऱ्या बाजूचा पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो.

चार स्क्रूचं झाकण उघडा आणि पहिला पडदा बोटांवर घेऊन हलकेच दाबा. चांगला पडदा आवाज न करता लवतो आणि परत येतो. म्हातारा झालेला पडदा पापडासारखा कडक असतो, कानाजवळ दाबला तर चुरचुरतो. असा पडदा सुई पुरेशी उघडू शकत नाही, मशीन चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं. इथे साफसफाईचा उपयोग नाही. पडदे, पॅकिंग, सुई आणि जाळी असलेला पूर्ण किट घाला. तो कार्बोरेटरवर कोरलेल्या नंबरवरून मागा. मशीनच्या मॉडेलवरून मागू नका, एकाच मॉडेलला दोन-तीन वेगळे कार्बोरेटर आलेले असतात.

बसवताना क्रम चुकतो तो इथेच. चार स्क्रूच्या बाजूला आधी पॅकिंग, मग पडदा, मग झाकण. एका स्क्रूच्या, म्हणजे पंपाच्या बाजूला उलटं: आधी पडदा, मग पॅकिंग, मग झाकण. खोलताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) तार घालू नका, भोक थोडं मोठं झालं तरी सेटिंग कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हलकी हवा पुरे. पेट्रोल येण्याच्या नळीला बीपीचा फुगा लावा, डायल ३०० वर आणून थांबा. काटा उतरला तर सुई गळतेय आणि मशीन सुरू होताना पेट्रोलने भरून जाणार.

कार्बोरेटरच्या आधी टाकी बघायला हवी हे खरं तर पहिलं. टाकीतली नळी बोटात वाकवा. तडे दिसले किंवा ती चिकट-मऊ लागली तर बदला. तळाचा फिल्टर नवा घाला. टाकीचा ब्रीदर (आत हवा घेणारी वाट) बंद असेल तर मशीन दहा-पंधरा मिनिटं चालून घुसमटतं, आणि टाकीचं झाकण सैल केलं की 'फुस्स' करून पुन्हा चालतं. ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती.

स्पार्क

प्लग नवाच घ्या, गॅप ०.५ मिमी. स्पार्क तपासताना प्लगचं धातूचं अंग सिलिंडरला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ उडत असते. स्पार्क नसेल तर आधी स्विचकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून काढून बघा. बऱ्याचदा ती कुठेतरी घासून बॉडीला टेकलेली असते आणि नवी कॉइल उगाच विकत घेतली जाते. मॅग्नेट आणि कॉइलमध्ये ०.२५ ते ०.३ मिमी जागा हवी. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळला तरी बसतं. मॅग्नेटच्या चुंबकांवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढा.

सिलिंडर वाचवता येतो का

बरेचदा येतो. या सिलिंडरच्या आतल्या बाजूला निकेल-सिलिकॉन कार्बाइड किंवा क्रोमचा कठीण थर असतो. जाम झालेल्या मशीनमध्ये दिसणारे भयंकर पट्टे पुष्कळदा त्या थरावर फासलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं आणि खालचा थर शाबूत असतो. नख फिरवून बघा. उंचवटा लागला तर फासलेलं आहे. खड्डा लागला, नख अडकलं, तर थर गेलाय आणि सिलिंडर बदलावा लागेल.

फासलेलं ॲल्युमिनियम काढायला हार्डवेअरमध्ये मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या काडीवर घ्या. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि गॉगल घालून. फक्त पट्ट्यावर लावा. बुडबुडे येतात म्हणजे ॲल्युमिनियम विरघळतंय. मिनिटभराने पुसा, पुन्हा लावा. बुडबुडे थांबले की थांबा. ॲसिड मिश्रणाच्या वाटांत किंवा थर उडालेल्या जागी गेलं तर ते सिलिंडरचं स्वतःचं ॲल्युमिनियम खायला लागतं. म्हणून ॲसिड ओतायचं नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि लगेच तेल लावा. मग हिरव्या स्क्रबरने हलक्या हाताने तिरप्या रेषा काढा. दगडाचा होनर लावू नका, तो ओतीव लोखंडी सिलिंडरसाठी असतो आणि हा पातळ थर खरवडून टाकतो.

नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ०.२ ते ०.४ मिमी असेल तर उत्तम. १ मिमीच्या वर गेली तर रिंग किंवा सिलिंडर चुकीचा आहे. चिनी मशीनमध्ये हे हमखास घडतं: बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या मशीनमध्ये ४३ मिमी आणि ४५.२ मिमी असे वेगळे पिस्टन असतात. टाकीवरच्या आकड्यावर विसंबू नका, व्हर्निअरने जुना पिस्टन मोजा.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगेची टोकं खाचेतल्या बारीक खिळ्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, खिळ्यावर चढली तर पहिल्याच ओढीत तुटतात. पिनच्या सर्क्लिपचं (पिन अडवून धरणाऱ्या तारेच्या कडीचं) उघडं तोंड घड्याळातल्या सहा किंवा बाराच्या दिशेला ठेवा. आडवं ठेवलं तर वरखाली होण्याच्या धक्क्यांनी ती सुटते आणि मग सिलिंडरची जी अवस्था होते ती पाहवत नाही. जुनी सर्क्लिप पुन्हा वापरू नका. आणि सर्क्लिप बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा, ती उडून आत गेली तर सगळं इंजिन उघडावं लागतं.

क्लच आणि तेलपंप

क्लचला बहुतेक मशीनमध्ये उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, पण पिस्टनने सायलेन्सरची खिडकी पूर्ण झाकल्यानंतरच, नाहीतर दोरी खिडकीच्या कडेत कापली जाते. स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवणारे लोक पिस्टनला भोक पाडतात.

क्लचमागे तेलपंप फिरवणारं छोटं गिअर असतं. ते प्लॅस्टिकचं असेल तर वितळलेलं सापडू शकतं. कारण साधं असतं: चेन ब्रेक लावलेला असताना कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबत राहिलं आणि क्लच तापला. चेनचं तेल येत नाही म्हणून पंप बदलण्याआधी हे गिअर आणि बारमधलं तेलाचं बारीक भोक दोन्ही तपासा. तेल बरोबर येतंय का हे बघायला बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर धरून मशीन रेस करा, काही सेकंदांत तेलाची रेघ उमटली पाहिजे. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपायला हवी.

गाडीचं काढलेलं काळं ऑइल चेनसाठी वापरायची सवय फार आहे. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. पंप, बार आणि चेन तिन्ही त्याने झिजतात आणि ते जमिनीत उडतं ते वेगळं. चेन ऑइल नसेल तर नवं एसएई ३० घ्या. खाद्यतेल घातलंच तर त्याच दिवशी टाकी रिकामी करा, महिनाभरात त्याचा चिकट डिंक होतो.

चेन: इंजिन बरं, तरी कापत नाही

आजच्या चेनचा वाकडा दात १९४० च्या दशकातला. अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या जो कॉक्सने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे निरखले, अळी डावीकडून उजवीकडे आणि उलट अशी तिरपी कातरत जाते हे पाहिलं आणि तसा दात बनवला. म्हणून चेनवर एक दात डावा, एक उजवा. दोन्हीकडचे दात सारखे नसले तर काप एका बाजूला वळत जातो. बारच्या दोन कडा खालीवर झिजल्या तरी हेच होतं.

चेनची मापं न मोजता नवी चेन आणू नका. लागोपाठच्या तीन रिव्हेटांच्या मध्यबिंदूंमधलं पूर्ण अंतर मोजा: १६.५ मिमी आलं तर ०.३२५ इंची, १९ मिमी आलं तर ३/८ इंची. बारच्या खाचेत बसणाऱ्या जिभेची जाडी १.३, १.५ किंवा १.६ मिमी असते. आणि जिभा मोजून घ्या, चिनी २० इंची बारला बहुधा ७६ लागतात.

कानस ०.३२५ ला ४.८ मिमी, लहान मशीनच्या हलक्या ३/८ ला ४ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. कोन ३० अंश, कानस आतून बाहेर फक्त पुढे ढकलायची, परत येताना उचलायची. आधी सर्वांत आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्याएवढे करा. दातापुढचा छोटा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. दात घासत गेल्यावर हा उंचवटा तसाच राहतो. मग दात कितीही धारदार असला तरी लाकडात घुसत नाही. लोक मशीनवर जोर टाकतात आणि इंजिनाला दोष देतात. भुशाकडे बघा: चकल्या-तुकडे पडत असतील तर चेन ठीक, पिठासारखा उडत असेल तर बोथट. नारळाच्या खोडावर चेन फार लवकर बोथटते, तिथे प्रत्येक टाकीला कानस लागते.

बार उलटा-पालटा करून वापरा, कडांना आलेले धारदार काठ सपाट कानसेने काढा. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रावर) अर्धा मिमीपेक्षा खोल खाच पडली असेल तर नव्या चेनबरोबर तेही बदला, नाहीतर जुनं स्प्रॉकेट नवी चेन ताणून टाकतं.

सेटिंगआधी दोन गोष्टी बघाच. चेन ब्रेकचा पुढचा पत्रा ढकलल्यावर चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. आणि तुटलेली चेन पकडणारा खालचा हूक जागेवर हवा. यातलं काही नसेल तर मशीन लाकडाला लावू नका.

मिश्रण आणि सेटिंग

जॅसो एफडी (जपानी मानकाच्या) दर्जाचं टू-टी तेल असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. साधं स्कूटरचं टू-टी असेल किंवा चिनी मशीन असेल तर २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. "थोडं जास्त तेल घातलं की सेफ" असं समजू नका. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं की पेट्रोल कमी होतं आणि मशीन लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतं, म्हणून प्रमाण बदललं की सेटिंगही बदलावं लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुनं रबर फुगवतं. पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिश्रण बनवा.

कार्बोरेटरवर एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) असे दोन स्क्रू असतात, तिसरा स्लोचा. एल, एच हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि दोन्ही एक-एक फेरा बाहेर काढा. मोकळ्या जागेत, बार-चेन लावून, पाच मिनिटं मशीन गरम करा. एल फिरवत आवाज सर्वांत वर जाईल ती जागा शोधा आणि तिथून फेऱ्याचा आठवा भाग बाहेर घ्या. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर मशीन अडखळलं तर अजून थोडा बाहेर. मग स्लो एवढा ठेवा की चेन अजिबात फिरणार नाही. स्लो बरोबर असूनही चेन फिरत असेल तर क्लचच्या स्प्रिंग गेल्या आहेत.

एचचं सेटिंग कानावर आहे. फुल ॲक्सिलरेटर दोन-तीन सेकंदच द्या. आवाज सलग, किंचाळणारा आला तर एच ताबडतोब बाहेर घ्या. आवाज थोडा फाटका, बडबडल्यासारखा झाला की ती जागा. आता ओंडक्यात घाला: भार आल्यावर तीच बडबड थांबून आवाज सलग झाला पाहिजे आणि बार बाहेर काढला की पुन्हा बडबड. लाकडातही बडबडत राहिलं तर पेट्रोल जास्त आहे, एच किंचित आत. ज्या नव्या मशीनमध्ये कार्बोरेटर इलेक्ट्रॉनिक आहे तिथे हे स्क्रू नसतात.

दोन-तीन टाक्या जाळल्यावर प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा हवा. पांढरा दिसला तर गळतीची चाचणी पुन्हा करा. सिलिंडरचे आणि सायलेन्सरचे बोल्ट तेव्हाच एकदा आवळा, पहिल्या तापण्या-निवण्यात ते थोडे सैल होतात. काम संपलं की चेन सैल करून ठेवा: गरम चेन ताणून घट्ट केलेली असते, निवताना ती आखडते आणि रात्रभर क्रँकच्या टोकाला ओढत राहते. मशीन महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पडद्यापाशी पेट्रोल उरत नाही.